ग्राइंडर झिणझिणतो, पण एमसीबी पडत नाही

प्रश्न : भोसरीत फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये काम करतो. पावसाळ्यात हँड ग्राइंडर धरला की हाताला मुंग्या येतात. मालक म्हणतात, "एमसीबी आहे, काही होत नाही." खरं का?

उत्तर : नाही हो. एकतीस वर्षं कारखान्यात वायरमन होतो, दर पावसाळ्यात हेच ऐकलं. एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच; तो असतो वायर जळू नये म्हणून. 16 अँपिअरचा एमसीबी 16 अँपिअरपेक्षा कमी करंटला पडतच नाही, आणि माणूस मरायला अँपिअरचा दहावा भागही पुरतो. तुम्हाला हवा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. जाणारा आणि परतणारा करंट तो तोलतो, फरक पडला की लाइन तोडतो. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. आमच्याकडचं एक तर गंजून जाम झालं होतं, कुणाला पत्ता नाही!

ग्राइंडरवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे का? मग त्याला अर्थिंगची तार नसतेच, शोधत बसू नका. मुंग्या येतात म्हणजे बहुधा आत लोखंडाचा कीस आणि ओल साचलीय. पिन काढा आणि आजच दुरुस्तीला द्या. रबरी बूट घालून तोच चालवणं हा उपाय नव्हे. शेडमधला एक्स्टेन्शन बोर्डही जमिनीवरून उचलून भिंतीला लावा.