चिंकारा पाणी कुठून पितो?

प्रश्न : ताई, आमचं गाव सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याला लागून आहे. मे महिन्यात ओढे कोरडे ठणठणीत असतात, तरी चिंकारे माळावर चरताना दिसतात. त्यांच्यासाठी आमच्या मंडळाने वर्गणी काढून गावच्या माळावर सिमेंटचे पाणवठे बांधायचं आणि वड-पिंपळाची रोपं लावायचं ठरवलंय. उपयोग होईल का? आणि यांच्या लेंड्यांचा ढीग एकाच जागी कसा?
– एक वाचक, ता. बारामती

उत्तर : तुमच्या मंडळाची कळकळ पोचली, म्हणूनच स्पष्ट सांगते: पाणवठ्याचं नंतर बघू, पण माळावर वड-पिंपळ लावू नका.

जैसलमेरकडे हरणांच्या नोंदी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथला चिंकारा दिवसाचा कडाका केरच्या झुडपाखाली बसून काढतो आणि चरायला पहाटे, तिन्हीसांजेला, रात्री निघतो. उन्हापासूनचा बचाव हे त्याचं एक कारण. दुसरं म्हणजे, सुकलेलं पानही रात्रीच्या गार हवेतली ओल शोषून घेतं. रिचर्ड टेलर या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या एका झुडपाची पानं तपासली. दिवसा त्यांत जेमतेम १ टक्का पाणी होतं, आणि रात्रीच्या दमट हवेत काही तासांनी ते ४० टक्क्यांपर्यंत गेलं. म्हणजे हरणाला चाऱ्यातूनच पाणी मिळतं, पण चरायची वेळ साधावी लागते.

मिळालेलं पाणी राखणं ही त्याहून मोठी गोष्ट. अरबस्तानातला ओरिक्स, म्हणजे लांब शिंगांचं मोठं हरीण, उन्हाळ्यात दिवसा अंगाचं तापमान चारेक अंशांनी चढू देतो आणि ती उष्णता रात्री गार हवेत सोडून देतो. सत्तर किलोच्या जनावराला तेवढीच उष्णता घामावाटे घालवायची तर साधारण ४०० मिलिलिटर पाणी लागेल, असा माझा हिशेब आहे. रोज एवढं पाणी वाचतं! तिथल्याच वाळूगझेलांना, म्हणजे चिंकाऱ्याच्या भाऊबंद हरणांना, काही महिने चारापाणी कमी दिलं, तेव्हा त्यांचं यकृत ४५ टक्क्यांनी आणि हृदय २० टक्क्यांनी आक्रसल्याचं आढळलं. हे अवयव प्राणवायू फार खातात. ते लहान झाले की श्वास कमी लागतो, आणि श्वासावाटे जाणारी वाफही घटते. हे वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नव्हतं.

आता लेंड्या. नर पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन हद्द राखतो, म्हणून ढीग साचतो. तो मोडू नका. त्यात खत असतं आणि बियाही असतात. इस्राएलच्या वाळवंटात डोर्कास गझेल बाभळीच्या जातीच्या शेंगा खातात. शेंगांत भुंग्यांच्या अळ्या बी पोखरत असतात. हरणाच्या पोटात त्यातल्या बऱ्याच मरतात, बियांचं कठीण कवचही मऊ पडतं, आणि न खाल्लेल्या बियांपेक्षा लेंडीतल्या जास्त रुजतात. थरच्या वाळवंटात खेजडीच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, वाळून गळलेल्या शेंगांना खोखा म्हणतात. त्याही चिंकारा आवडीने खातो.

पण हरीण आपली-परकी बी निवडत नाही. गुजरातेत वेळावदरच्या राष्ट्रीय उद्यानात काळविटांच्या लेंड्यांतून वेडी बाभूळ, हे परदेशातून आलेलं काटेरी झाड, गवताळ रानात पसरते, आणि ती दाटली की काळविटांचंच मोकळं रान आकसतं. म्हणून मंडळाला हात चालवायचेच असतील, तर वनखात्याला विचारून माळावरची वेडी बाभूळ लहान असतानाच मुळासकट काढा.

मयूरेश्वर सगळं मिळून पाचेक चौरस किलोमीटर आहे. चिंकारा लांबून धोका हेरतो आणि वेगावर जगतो. त्याला कुसळीचं गवत, बोरी-हिवराची झुडपं आणि मोकळी नजर लागते. वड-पिंपळाच्या दाट सावलीत कुसळी टिकत नाही.

पाण्याचं म्हणाल तर चिंकाऱ्याला ते मिळालं तर तो पितो, त्यात वावगं काही नाही. पण पाणवठा झाला की मोकाट कुत्रीही तिथे येतात, आणि राजस्थानात चिंकाऱ्यांचे कितीतरी जीव कुत्र्यांनी आणि तारेच्या कुंपणांनी घेतले आहेत. कुत्री मागे लागली की हरणं सैरावैरा तारेवर आदळतात. वर्गणी जमलीच असेल तर आधी गावातल्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी पशुवैद्यकांना भेटा, आणि माळाकडेच्या शेतांची काटेरी तार खालून हातभर उचलून घेता येईल का, हे शेतकऱ्यांना विचारा.