पुरस्कृत कोण, बँक की कॉलेज?

मुंबईतल्या एका कॉलेजच्या महोत्सवाचा फलक छापायचा आहे. त्यावर 'अमुक बँक पुरस्कृत' लिहावं की 'प्रायोजित', आणि बँकेला 'देणगीदार' म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आला आहे.

'पुरस्कृत' अजिबात नको. हा शब्द असा वापरलेला दिसला की माझं डोकं फिरतं. 'साहित्य अकादमी पुरस्कृत कादंबरी' म्हणजे अकादमीचा पुरस्कार मिळालेली. मग 'बँक पुरस्कृत महोत्सव' म्हणजे काय, बँकेनं महोत्सवाला ढाल दिली? 'केंद्र पुरस्कृत योजना' हा मंत्रालयाचा दाखला मला देऊ नका. सरकारी कागदावरच्या मराठीला प्रमाण मानायचं तर बोलणंच खुंटलं.

खरी गंमत 'पुरस्' मध्ये आहे. पुरस् म्हणजे पुढे. पुरस्कार म्हणजे पुढे करणं, म्हणून मान देणं. पुरोहित म्हणजे ज्याला पुढे बसवलंय तो. ('पुरःकार' का नाही? पाणिनीनं 'नमस्' आणि 'पुरस्' या दोघांसाठी खास सूत्र केलंय. नमस्कारातला 'स्' तोच.) आता फलक बघा. मधोमध बँकेचं बोधचिन्ह, वीतभर अक्षरं. स्वयंसेवकांच्या टी-शर्टवर बँक, मंचामागच्या पडद्यावर बँक. कॉलेजचं नाव कोपऱ्यात, चष्मा लावून शोधायचं. पुढे कुणी कुणाला केलं? कॉलेजनं बँकेला! म्हणजे व्युत्पत्तीनं पुरस्कर्तं कॉलेज आणि पुरस्कृत बँक. कॉलेजच्या नावाची झळाळी आपल्यावर यावी म्हणूनच तर ती पैसे मोजते.

पूर्वी या शहरातले धनिक आईला पुढे करत. शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाच्या मनोऱ्याला पैसे दिले. 1878 साली तो उभा राहिला राजाबाईंच्या नावानं. विठ्ठलदास ठाकरसींनी 1920 मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाख दिले, नाव लागलं नाथीबाईंचं. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाला मात्र कावसजी जहांगीर यांचं स्वतःचंच नाव आहे. आडनावच रेडीमनी, त्यांना काय बोलणार!

तेव्हा फलकावर 'प्रायोजित'च लिहा. शुद्धिवादी म्हणतील, संस्कृतात 'प्रयोजक' आहे, 'प्रायोजक' हिंदीची भेसळ. असेना का! मराठीत 'प्रयोजक' व्याकरणानं कधीच अडवून ठेवलाय: 'बसणे'चं 'बसवणे' हे प्रयोजक क्रियापद. हिंदीकडून एक काना उसना घेतला तर बिघडलं कुठे? शुद्धतेच्या हट्टापायी 'प्रयोजक : अमुक बँक' छापलंत तर मराठीचे मास्तर तरी हसतील.

हां, देणगीदाराचं राहिलंच. नका म्हणू. फलक किती फुटी, कुठल्या दारावर, नाव किती वेळा पुकारायचं, हे सगळं बँक करारात लिहून घेते. देणगीच्या पावतीवर असली कलमं नसतात.