मेक्सिकोतला नोपाल, म्हणजे फड्या निवडुंग, ग्लुटेन-फ्री (गव्हासारख्या धान्यांतलं चिकट प्रथिन टाळणाऱ्या) आहारात चालतो का? शिजवायचा कसा?

चालतो, निवडुंगात ग्लुटेन नसतंच. घोळ होतो तो सोबतच्या तोर्तियाचा, म्हणजे मेक्सिकन पोळीचा. ती मक्याचीच घ्या, गव्हाची नको.

तळहाताएवढे कोवळे फड, म्हणजे निवडुंगाचे चपटे, पानासारखे दिसणारे भाग, निवडा. मोठे काटे दिसतात तरी; खरी पीडा त्यांच्या बुडाशी असलेल्या केसासारख्या बारीक कुसांची. चिमट्यात धरून दोन्ही बाजू सुरीने खरवडा, कडा कापा, धुवा. चिरल्यावर भेंडीसारखी तार सुटते, घाबरू नका. मीठ घालून तव्यावर झाकण न ठेवता परता. आधी पाणी सुटतं, मग आटतं, तारही जाते. पंधराएक मिनिटं लागतात. गार झाल्यावर कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू. थोडक्यात, आपली कोशिंबीरच! निवडुंग मुळात आंबटसर असतो, म्हणून लिंबू बेतानेच पिळा.