माल्टची चव: धान्यासारखी की खरपूस?

प्रश्न असा आहे: क्राफ्ट ब्रुअरीची, माल्टला महत्त्व देणारी पारंपरिक इंडिया पेल एल (आयपीए, बिअरचा एक प्रकार) चाखून मराठीत लिहायचं, तर 'माल्टी'ला 'धान्यासारखी' आणि 'बिटर'ला 'कडवट' म्हणावं का?

'धान्यासारखी' नको. त्यातून कच्च्या दाण्याची चव सुचते. माल्ट म्हणजे भिजवून, मोड आणून भट्टीत वाळवलेले जव. त्या उष्णतेत साखर आणि अमिनो आम्लं एकत्र येऊन पावाच्या तांबूस कडेची, बिस्किटाची चव तयार होते. या चवीला आपल्याकडे नेमका शब्द आहे: खरपूस. 'खमंग'ही सुचेल, पण त्यात तूप-तेलाचा, मसाल्याचा दरवळ आहे; 'खरपूस'मध्ये फक्त आच आहे. शिवाय त्याच्या पुढची पायरीही भाषेत तयार आहे. आच वाढली की खरपूसचं करपट होतं, आणि स्टाउट या गडद बिअरमधल्या काळ्या, भाजक्या माल्टसाठी तो शब्द चपखल बसतो.

'कडवट' चुकीचा नाही, पण त्यात नापसंतीची छटा येते. इंग्रजी पद्धतीच्या आयपीएत कडूपणा ठळक असला, तरी माल्टची गोडी त्याला तोलून धरते. म्हणून मी 'कडसर' म्हणेन. 'गोडसर'शेजारी तो शोभतोही. अमेरिकी आयपीएतल्या तीव्र हॉपला (बिअरला कडूपणा आणि गंध देणाऱ्या फुलांना) मात्र सरळ 'कडू' म्हणावं. 'तुरट' शब्द जपून वापरा. हॉपमधली अल्फा आम्लं उकळताना बदलतात आणि त्यातून येतो तो कडूपणा; तुरटपणा म्हणजे जीभ आवळली जाणं, आणि तो बहुतेकदा जवाच्या टरफलातल्या टॅनिनमुळे येतो. बिअरमध्ये तो सहसा दोष मानतात.

नावातल्या 'पेल'साठी 'फिकी' कधीही लिहू नका, वाचणाऱ्याला बेचव वाटेल. 'फिकट' ठीक, तेही इतिहास सांगताना. लंडनच्या जॉर्ज हॉजसन या उत्पादकाची बिअर अठराव्या शतकाच्या अखेरीस जहाजांनी हिंदुस्थानात येत होती आणि 1820च्या दशकात इंग्लंडमधल्या बर्टन गावचे उत्पादक या व्यापारात उतरले. त्या काळच्या गडद पोर्टर बिअरशेजारी ही एल फिकट दिसे. आजचा ग्लास बघाल तर रंग सोनेरी ते तांबूस असतो, तेव्हा वर्णनात तोच लिहावा.

गोल्डिंग्ज किंवा फगल या इंग्रजी जातींच्या हॉपची अशी बिअर असेल, तर मी लिहीन: 'आधी खरपूस, टॉफीकडे झुकणारी गोडी, मग फुलांचा आणि थोडा मातीचा गंध, शेवटी जिभेवर रेंगाळणारा कोरडा कडसरपणा.'