पहिल्यांदा वेबपेज उघडलं की फोटो लोड झाल्याचं माझ्या जावास्क्रिप्टला कळतं, रिफ्रेश केल्यावर मात्र कळत नाही. असं का?

फोटो कॅशेतून, म्हणजे ब्राउझरने आधीच साठवलेल्या प्रतीतून येतो, म्हणून. तुमचा लिसनर (इव्हेंट झाला की चालणारा कोड) जोडला जाईपर्यंत 'लोड' इव्हेंट, म्हणजे फोटो आल्याची सूचना, होऊन गेलेला असतो आणि तो पुन्हा येत नाही. पणजीची बस सुटल्यावर फोंड्याच्या स्टँडवर वाट पाहण्यासारखंच हे.

गोव्यातल्या म्हार्दोळच्या जायांच्या (जाईच्या फुलांच्या) पूजेच्या फोटोंची गॅलरी केली तेव्हा मीही यात अडकलो होतो. घरच्या वायफायवर सगळं नीट, पण दुसऱ्यांदा उघडलं की लोडर फिरतच राहायचा.

जावास्क्रिप्टने इमेज तयार करत असाल तर आधी लिसनर जोडा, मग 'सोर्स' (फोटोचा पत्ता, src) द्या. इमेज एचटीएमएलमध्येच असेल तर लिसनर जोडल्यावर लगेच इमेजची 'कम्प्लीट' प्रॉपर्टी (लोड होणं संपलं का ते सांगणारी) तपासा. पण इथे एक मोठी फसगत आहे: फोटो तुटलेला असला तरी 'कम्प्लीट' ट्रूच दाखवतं. म्हणून सोबत 'नॅचरलविड्थ' (फोटोची मूळ रुंदी) शून्यापेक्षा जास्त आहे का तेही बघा. 'एरर' इव्हेंट हाताळायला विसरू नका, नाहीतर एका गायब फोटोपायी अख्खी गॅलरी अडून बसते.

मी स्वतः आता इमेजची 'डिकोड' मेथड वापरतो. ती प्रॉमिस (काम झालं की फसलं ते नंतर कळवणारा ऑब्जेक्ट) देते, फोटो आधीच आलेला असला तरी चालते आणि बिघडलेला असेल तर रिजेक्ट होते. 2020 पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत ती आहे.

आणि हो, 'लोड' बबल होत नाही, म्हणजे इमेजवरून बाहेरच्या एलिमेंटपर्यंत वर जात नाही. गॅलरीच्या डिव्हवर एकच लिसनर लावायचा असेल तर 'कॅप्चर' ट्रू ठेवा, म्हणजे इव्हेंट आत इमेजकडे जातानाच तो डिव्हला कळतो.