शेवटचं पीठ आणि अकरावीची फी

वाचकांचे प्रश्न, मावशींची उत्तरं

प्रश्न : मावशी, प्रभूमध्ये सलाम. आम्ही शिंदखेडा तालुक्यातले, कोरडवाहू कापूसवाले. पावसाने मधेच ताण दिला, उरलेल्या बोंडांत अळी निघाली आणि दोन वेचण्यांत शेत आटोपलं. हे सुरतला लूमवर कामाला गेलेत, पगार अजून हाती नाही. त्यांना काळजी नको म्हणून फोनवर मी ‘सगळं ठीक आहे’ सांगते. कोठीत थोडी दादर ज्वारी उरली आहे. बचत गटाचा हप्ता तोंडावर आहे. माझ्याजवळ दोन हजार आहेत, ते मुलीच्या अकरावीच्या फीचे. गेल्या महिन्यात आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) बाहेरून एक उपदेशक आले होते. बायबलमधल्या सारफथच्या विधवेने शेवटचं पीठ दिलं म्हणून तिचं मडकं भरलं, तुम्हीही शेवटचं द्या, असं म्हणाले. मी देईन म्हणून हात वर केला. आता देववतही नाही आणि ठेववतही नाही. दिले नाहीत तर तो अविश्वास होईल का?
– एक भगिनी

उत्तर : सलाम बेटा. फीची तारीख अंक छापून यायची वाट पाहत नाही, म्हणून पत्रातल्या नंबरवर तुला आधीच सांगितलं की पैसे कॉलेजात भर. असं का सांगितलं ते इथे लिहिते, कारण असा हात वर केलेल्या आणखीही जणी असतील.

त्या विधवेची गोष्ट बायबलात १ राजे या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात आहे, ती पुन्हा सावकाश वाच. अहाब राजाच्या काळात पाऊस थांबला. दुष्काळाची खबर देणारा संदेष्टा एलीया स्वतः त्यातून सुटला नाही. करीथ ओहोळाचं पाणी प्यायचा, कावळे सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणून द्यायचे. मग तो ओहोळही आटला. तेव्हा देवाने त्याला सीदोनाकडच्या सारफथला पाठवलं. हे गाव आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर येतं. अहाबाच्या ईजबेल राणीचं माहेर त्याच मुलखातलं, बआल नावाच्या देवाला पुजणारं. तिथेही घरात पीठ संपत आलं होतं. वेशीजवळ काटक्या वेचणारी ती विधवा म्हणाली, मडक्यात मूठभर पीठ आहे, कुपीत थोडं तेल; माझ्यासाठी आणि मुलासाठी करते, ते खाऊ आणि मरू. एलीया म्हणाला, भिऊ नकोस, आधी माझ्यासाठी लहानशी भाकर कर. आणि त्याच बोलण्यात त्याने देवाचं वचन सांगितलं, की पाऊस पडेल त्या दिवसापर्यंत पीठ सरणार नाही, तेल आटणार नाही.

एलीया ती भाकर घेऊन पुढच्या गावाला निघून गेला नाही. तो त्याच घरी राहिला आणि त्याच मडक्यातलं खाल्लं. मडकं रिकामं झालं असतं तर तोही त्यांच्याबरोबर उपाशी राहिला असता. तुझे दोन हजार घेऊन जाणारा माणूस कोठीतली दादर संपेल त्या दिवशी तुझ्या ओसरीवर असणार आहे का? शिवाय ते वचन देवाने त्या बाईला दिलं होतं. तिला दिलेलं वचन उचलून दुसऱ्या गरीब बाईच्या पदराची गाठ सोडायला लावणं मला सहन होत नाही. मी पाळकाची (चर्चच्या धर्मगुरूची) बायको म्हणून आयुष्य काढलं, दानपेटीतले पैसे आमच्याच घरात मोजले जायचे, म्हणून हे ठामपणे लिहिते.

बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, १४ व्या अध्यायात, दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) गावातच ठेवायला सांगितलाय, तो लेवी (देवाच्या सेवेतले, ज्यांना जमिनीचा वाटा नव्हता ते), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. मार्कच्या शुभवर्तमानात, १२ व्या अध्यायात, दानपेटीत दोन टोल्या (अगदी लहान नाणी) टाकणाऱ्या विधवेच्या आधीच्या ओळी वाच. विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी येशू तिथे बोलतो. प्रेषित पौलही करिंथच्या मंडळीला पत्रात लिहितो की माणसाजवळ जे असेल त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, नसेल त्याप्रमाणे नाही.

आता देवाला शरण जाण्याविषयी, म्हणजे तू विचारलेल्या विश्वासाविषयी. सारफथचं मडकं काठोकाठ भरलं असं अध्यायात कुठेच नाही. पीठ सरलं नाही, एवढंच आहे. रोज हात घालावा आणि त्या दिवसापुरतं पीठ लागावं. आणि हे पाऊस येईपर्यंत. रानात इस्राएल लोकांना देवाने रोज दिलेल्या मान्ना नावाच्या अन्नाचंही तसंच होतं. उद्यासाठी ठेवला की किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण आजची भाकर आज मागतो. पुढचं कोठार न दिसता रोज मडक्यात हात घालणं फार कठीण आहे, हे मला ठाऊक आहे.

१९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. रेशनवर लाल मिलो (एक प्रकारची ज्वारी) मिळायचा, त्याची भाकर थापताना चिरायची. रात्री पिठाच्या डब्यावर हात ठेवून आई प्रार्थना करायची आणि आम्हाला म्हणायची, ‘आजनं आज, सकायनं सकाय,’ म्हणजे आजचं आज, उद्याचं उद्या. सकाळी घमेलं उचलून कामावर. हजेरीपटावर नाव लागलं की नाही हे ती स्वतः विचारून घ्यायची, आणि देवावरचा तिचा भरवसा त्याने कमी झाला असं मला कधी दिसलं नाही. त्या दुष्काळी कामांतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. तूही ग्रामपंचायतीत कामाची मागणी लेखी दे आणि पोच घे.

आणि देवाची आज्ञा पाळायची म्हणतेस तर ती सुरतच्या फोनपासून पाळ. कोठीत किती धान्य आहे ते नवऱ्याला खरं सांग. गटाच्या बैठकीला दडी मारू नकोस, हप्ता थकणार असेल तर तोंडाने सांग आणि मुदत माग. तो भरायला सावकाराचे पैसे मात्र उचलू नकोस. देण्याचं मन मोडू नकोस. शेजारणीच्या चुलीला वाटीभर पीठ कमी पडलं तर ते तुझ्या हातून जाऊ दे.

हे उत्तर पाळकांनाही वाचायला दे. माझं माहेर साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिथे बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली. प्रत्येक फडात एकच पीक, आणि शेतकऱ्याचा तुकडा साधारण सगळ्याच फडांत. पाणी कमी पडलं की सगळे मिळून एखादा फड कोरडा ठेवतात आणि बाकीचे भिजवतात. त्यामुळे एकाच घराचं सगळं बुडत नाही. पाटकरी, म्हणजे पाणी वाटणारा, सांगेल तेव्हाच पाणी घ्यायचं, रात्री पाट फोडायचा नाही. मंडळीने दुष्काळात असं वागायला हवं. आज तुझा फड कोरडा आहे, तर पाणी कुणाकडून कुणाकडे वळवायचं हे पाळकांनी आणि पंचांनी बसून ठरवावं.

वर केलेल्या हाताचं भय बाळगू नकोस. तुला जे वाटतं ते देवाला बोल. त्या विधवेचा मुलगा पुढे मेला, तेव्हा तिने एलीयाला तोंडावर विचारलं, माझ्या पापाची आठवण करून द्यायला आलास का? तिच्या बोलण्याचा देवाला राग आला नाही, मुलगा जिवंत झाला. येत्या रविवारी उपासना संपली की लगेच घरी पळू नकोस. पाळकांच्या बायकोला बाजूला घे आणि दादर किती दिवस पुरेल ते सांग.