मोबाईल पूर्ण डेड झालाय, बॅकअप नाही. आतला डेटा परत मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की आईंचा चार वर्षं जुना अँड्रॉइड फोन रात्री चार्जिंगला लावला होता आणि सकाळी उचलला तर काहीच नाही, ना लाइट, ना व्हायब्रेशन. दुकानदार म्हणाला, "बोर्ड गेला, नवीन घ्या." आत तुमच्या बाबांचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो आणि व्हॉट्सॲपवरचे त्यांचे आवाज आहेत. बाबा आता नाहीत, आणि बॅकअप होता का ते आईंना आठवत नाही.

मी साताऱ्यात चौदा वर्षं मोबाईलचे बोर्ड दुरुस्त करतो. असा फोन घेऊन येणारं महिन्यातून एखादं तरी घर असतंच. डेटा मिळण्याची आशा चांगली आहे. फक्त तोच बोर्ड, म्हणजे फोनच्या आतली मुख्य सर्किटची पट्टी, आहे तसा जपा. तो कुणाला बदलू देऊ नका, कुणाला त्यावर उगाच गरम हवा मारू देऊ नका आणि फोन फॉरमॅट करू देऊ नका.

कारण सांगतो. पूर्वीच्या फोनमधली मेमरीची चिप उचलून आम्ही बॉक्सवर, म्हणजे चिप वाचणाऱ्या यंत्रावर, लावायचो आणि फोटो सरळ वाचता यायचे. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आल्यापासून बहुतेक नव्या फोनमधला डेटा कुलूपबंद असतो, आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून तर प्रत्येक नव्या फोनला ते सक्तीचं झालं. त्या कुलपाची किल्ली प्रोसेसरशी बांधलेली असते आणि तिला आईंच्या पिनची किंवा पॅटर्नची जोड लागते. नुसती मेमरी चिप काढून दुसऱ्या बोर्डवर लावली तर हाती निरर्थक आकडे येतात. म्हणून आमचं सगळं काम एवढ्यासाठी असतं की हाच प्रोसेसर, हीच मेमरी एकदा, अर्धा तास का होईना, जागी व्हावी. फोन पुढे वापरण्याजोगा राहिला नाही तरी चालेल.

म्हणून आधी आईंना पिन नीट आठवून कागदावर लिहायला सांगा. बंद पडलेला फोन पुन्हा सुरू झाला की पहिल्यांदा बोटाचा ठसा चालत नाही, पिनच लागतो. मी एकदा तीन दिवस खपून एक बोर्ड चालू केला आणि घरच्यांना पॅटर्न माहीत नव्हता. चालू फोन तसाच परत द्यावा लागला. तो दिवस मला अजून सलतो.

आता घरी काय बघायचं. फोन पाठीमागून फुगलेला वाटत असेल तर चार्जरला लावूच नका, पुढचं सगळं दुकानात. फुगलेला नसेल तर चार्जिंगच्या तोंडात टॉर्च मारून बघा. खिशातला कापूस तिथे इतका घट्ट बसतो की चार्जरची पिन आत पोहोचतच नाही. लाकडी टूथपिकने हळू काढा, सुई घालू नका. मग दुसरा चांगला चार्जर आणि दुसरी केबल लावून तासभर हात न लावता ठेवा. बॅटरी अगदी तळाला गेली असेल तर पहिली बरीच मिनिटं स्क्रीनवर काहीच येत नाही, आणि लोक पाच मिनिटांत केबल काढतात. त्यानंतर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र वीस सेकंद दाबून धरा.

तरीही अंधारच असेल तर फक्त डिस्प्ले गेलाय का हे तपासा. दुसऱ्या फोनवरून आईंच्या नंबरवर रिंग द्या. त्यांचा पहाटेचा गजर लावलेला असेल तर तो वाजतो का ऐका. वाजला तर फोन जिवंत आहे. नवा डिस्प्ले लावला, पिन टाकला की काम झालं.

काहीच वाजलं नाही तर फोन कॉम्प्युटरला जोडा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये "क्वालकॉम" आणि "९००८" असे शब्द दिसले तर ती चांगली बातमी आहे. प्रोसेसर श्वास घेतोय, त्याला पुढचं वाचता येत नाहीये. धोकाही नेमका इथेच आहे. कारण हे पाहून बरेच जण म्हणतात, "सॉफ्टवेअर मारून देतो." सॉफ्टवेअर मारताना डेटाचा भाग पुसला गेला तर किल्लीच नष्ट होते आणि मग जगातला कुणीही ते फोटो परत आणू शकत नाही. म्हणून फोन हातात देण्याआधी स्पष्ट विचारा, डेटा पुसला जाणार का? उत्तरात चाचरले तर फोन परत घ्या.

काहीच दिसलं नाही तर गाठ वीजपुरवठ्याशी आहे, आणि तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता जास्त वाटते. असा बोर्ड आम्ही बॅटरी काढून डीसी सप्लायवर, म्हणजे बाहेरून मोजून वीज देणाऱ्या यंत्रावर, लावतो. पॉवर बटण दाबायच्या आधीच त्याची सुई वर गेली तर मेन लाइन शॉर्ट आहे, म्हणजे वीज मधेच वाया वाहून जातेय. मग त्या लाइनवर एखादा व्होल्ट सोडतो आणि बोर्डावर रोझिनचा (सोल्डरिंगला वापरतात त्या राळेचा) धूर धरतो. त्याचा पांढरा थर जिथे पहिल्यांदा वितळतो, तो पार्ट गुन्हेगार. बहुतेक वेळा तो तांदळाच्या कणीहूनही लहान कपॅसिटर असतो. अशा लाइनवर तसे अनेक कपॅसिटर शेजारी शेजारी असतात, त्यामुळे एक काढला तरी फोन चालतो.

गेल्या पावसाळ्यात कोरेगावहून एक काका असाच फोन घेऊन आले होते. दोन ठिकाणी "बोर्ड गेला" ऐकून आले होते. कपॅसिटर काढायला दहा मिनिटं लागली, शोधायला दीड तास. फोन उठला तेव्हा काकांनी फोटो आधी बघितलेच नाहीत. बायकोचा एक व्हॉइस मेसेज लावला आणि दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

पॉवर आयसी, म्हणजे बोर्डाला वीज वाटून देणारी चिप, गेला असेल तर तो बदलता येतो, त्याने डेटाला धक्का लागत नाही. प्रोसेसरला बोर्डशी जोडणारे खालचे सोल्डरचे टाके तुटले असतील तर काम अवघड आहे, कारण प्रोसेसरच्या डोक्यावरच रॅम बसवलेली असते आणि दोन्ही उचलून रिबॉल करावे, म्हणजे खाली सोल्डरचे नवे मणी लावून पुन्हा बसवावे लागतात. त्याहून पुढची पायरी म्हणजे प्रोसेसर आणि मेमरीची जोडी उचलून तशाच मॉडेलच्या दुसऱ्या बोर्डवर बसवणं. हे करणारे हात थोडे आहेत आणि ती संधी एकदाच मिळते. आधी कुणी अंदाजाने हॉट एअर मारून पॅड, म्हणजे चिप जिथे जोडली जाते ते बोर्डवरचे ठिपके, उखडले असतील तर तीही राहत नाही. एका ताईंचा फोन माझ्याकडे चौथ्या दुकानानंतर आला होता. मेमरीखालचे पॅड गेले होते. मला हात जोडावे लागले.

म्हणून दुकान निवडताना विचारा: मायक्रोस्कोप आहे का, बोर्डचं काम इथेच होतं का, डेटा नाही मिळाला तर किती घेणार. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बहुधा बोर्ड बदलून देतात आणि जुना ठेवून घेतात. फोन चांगला होतो, बाबांचे फोटो जातात. तिथे देणारच असाल तर बोर्ड बदलायचा नाही असं पावतीवर लिहून घ्या.

फोन उठला तर आधी व्हॉइस मेसेज कॉपी करायला सांगा, मग कॅमेऱ्याचे फोटो, मग बाकीचं. असा बोर्ड पुन्हा कधी बंद पडेल सांगता येत नाही. आवाज "अँड्रॉइड" फोल्डरमधल्या "मीडिया"मध्ये, व्हॉट्सॲपच्या नावाखाली "व्हॉइस नोट्स" म्हणून असतात.

दुकानात जाण्याआधी आईंच्या जीमेलने कॉम्प्युटरवर गूगल फोटोज उघडून बघा. खूप जणांचे फोटो त्यांना न कळत तिथे गेलेले असतात. मेमरी कार्ड असेल तर तेही काढून तपासा. सिम नव्या अँड्रॉइड फोनमध्ये घालून त्याच जीमेलने व्हॉट्सॲप सुरू केलंत आणि त्याने जुना बॅकअप आणायचा का विचारलं, तर "हो"च म्हणा. ते वगळून पुढे गेलात तर नंतरचा रिकामा बॅकअप जुन्यावर चढतो.

आणि आज रात्रीच एक काम करा. बाबा ज्यांना ज्यांना व्हॉइस मेसेज पाठवायचे, त्या आत्या, काका, मित्र, सोसायटीचा ग्रुप, सगळ्यांना फोन करा. तो आवाज त्यांच्या फोनमध्येही उतरलेला असतो. "जागा कमी पडतेय म्हणून व्हॉट्सॲपमधलं काही पुसू नका, आधी मला पाठवा," एवढं सांगा. फोनचं मॉडेल आणि कॉम्प्युटरला जोडल्यावर काय दिसलं ते इथे लिहा, मी बघतो.